स्वतःची गाडी घेऊन देशाची सीमा ओलांडताना : कागदपत्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येत असतात. प्राथमिक प्रश्न आधी घेतले आहेत आणि अडचणीचे, अपवादात्मक प्रश्न नंतर. एखाद्या मुद्द्याची सविस्तर माहिती दुसऱ्या उत्तरात आली असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्याकडे पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही आहेत. मग गाडीसाठी वेगळे कागद कशाला?

पासपोर्ट आणि व्हिसा हे माणसाचे कागद आहेत. गाडी मात्र सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या दृष्टीने परदेशातून आलेला माल असतो आणि मालावर आयात शुल्क लागते. प्रवाशाला ते भरावे लागत नाही, कारण गाडी ठरावीक मुदतीत देशाबाहेर परत जाईल या अटीवर तिला तात्पुरता प्रवेश दिलेला असतो. सीमेवर चार स्वतंत्र गोष्टी तपासल्या जातात: चालवणाऱ्याला गाडी चालवण्याचा अधिकार आहे का, गाडी कोणाच्या मालकीची आहे, ती परत जाईल याची हमी काय, आणि अपघात झाल्यास भरपाई कोण देणार. यांपैकी एका गोष्टीचा कागद दुसऱ्या गोष्टीसाठी उपयोगी पडत नाही. सीमेवरच्या बहुतेक अडचणी हे वेगळेपण लक्षात न घेतल्यामुळे उभ्या राहतात.

२. कमीत कमी कोणते कागद बरोबर हवेतच?

मूळ नोंदणी प्रमाणपत्र, स्वतःच्या देशाचा वाहन परवाना, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना (प्रश्न ३), त्या देशात चालणारा विमा (प्रश्न १०), आणि कार्नेट किंवा तात्पुरता आयात परवाना (प्रश्न ५ व ८) हे कागद हवेतच. गाडी दुसऱ्याच्या नावावर असल्यास मुखत्यारपत्रही लागते (प्रश्न ११). नोंदणीची आणि परवान्याची मुदत प्रवासाच्या शेवटच्या दिवसानंतरही काही महिने शिल्लक असावी, कारण परदेशात असताना नूतनीकरण करणे फार जिकिरीचे होते. मोबाइलमधले नोंदणी प्रमाणपत्र आपल्या देशात पुरत असेल, पण परक्या सीमेवर त्यावर विसंबू नये. तिथे छापील मूळ प्रतच मागितली जाते. प्रत्येक कागदाच्या भरपूर छायाप्रती आधीच काढून ठेवाव्यात. एकाच चौकीवर तीन-तीन खिडक्यांवर त्या मागितल्या जातात आणि छायाप्रतींचे यंत्र जवळपास असेलच असे नाही.

३. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढला, तर मूळ परवाना घरी ठेवला तरी चालेल ना?

चालणार नाही. हा परवाना म्हणजे तुमच्या मूळ परवान्याचे अनेक भाषांतले, मान्यताप्राप्त नमुन्यातले भाषांतर असते आणि तो मूळ परवान्यासोबतच दाखवायचा असतो. मूळ परवाना ज्या देशाने दिला, त्याच देशातील शासकीय कार्यालय किंवा शासनाने अधिकार दिलेली संस्था तो देऊ शकते. प्रवासाला निघाल्यावर वाटेतल्या दुसऱ्या देशात तो काढता येत नाही. दहा किंवा वीस वर्षांच्या मुदतीचा ‘आंतरराष्ट्रीय परवाना’ ऑनलाइन विकणाऱ्यांपासून सावध राहावे. कोणताही आंतरराष्ट्रीय करार एवढ्या मुदतीचा परवाना मान्य करत नाही.

४. १९४९ चा परवाना आणि १९६८ चा परवाना असे दोन प्रकार ऐकले. माझ्यासाठी कोणता?

रस्ते वाहतुकीविषयीचे दोन करार आज प्रामुख्याने लागू आहेत: जिनिव्हा येथे १९ सप्टेंबर १९४९ रोजी झालेला आणि व्हिएन्ना येथे ८ नोव्हेंबर १९६८ रोजी झालेला. पहिल्या नमुन्याच्या परवान्याची मुदत एक वर्ष असते. दुसऱ्याची जास्तीत जास्त तीन वर्षे असते, पण मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच. कोणता नमुना हवा हे तुम्ही जिथे जाणार तो देश ठरवतो. जपान फक्त १९४९ चा नमुना मानतो, त्यामुळे जर्मनीने दिलेला १९६८ चा परवाना तिथे चालत नाही आणि जर्मन परवानाधारकाला मूळ परवान्याचे अधिकृत जपानी भाषांतर बरोबर ठेवावे लागते. १९२६ च्या पॅरिस कराराचाही एक नमुना आहे, मात्र त्याची गरज आता सोमालियासारख्या अगदी मोजक्या ठिकाणीच पडते. लांबच्या प्रवासात वेगवेगळे देश वेगवेगळे नमुने मागू शकतात. म्हणून देशांची यादी समोर ठेवून प्रत्येक देश कोणत्या करारात आहे हे आधी पाहावे, आणि आपला देश दोन्ही नमुने देत असल्यास दोन्ही काढावेत.

५. कार्नेट म्हणजे काय? ते सगळ्या देशांत लागते का?

कार्नेट ही गाडीची सीमाशुल्काची वही आहे. ‘कार्नेट दे पासाज’ या फ्रेंच नावाने ती जगभर ओळखली जाते आणि तिला सीपीडी असेही म्हणतात. तिला न्यूयॉर्क येथील ४ जून १९५४ च्या आणि इस्तंबूल येथील २६ जून १९९० च्या सीमाशुल्क करारांचा आधार आहे. गाडी मुदतीत बाहेर गेली नाही, तर तिच्यावरचे शुल्क आम्ही भरू, अशी हमी त्या वहीमागे असते. एफआयए या जागतिक संघटनेच्या साखळीतील राष्ट्रीय ऑटोमोबाइल क्लब ती वही देतात आणि तिची मुदत दिल्या तारखेपासून जास्तीत जास्त एक वर्ष असते.

ती सगळीकडे लागत नाही. भारत, पाकिस्तान, इजिप्त, जपान, ऑस्ट्रेलिया या देशांत परदेशी गाडी नेण्याचा नेहमीचा मार्ग कार्नेटचाच आहे. युरोपातील आणि दोन्ही अमेरिका खंडांतील बहुतेक देशांत मात्र तिची गरज पडत नाही. एटीए कार्नेट ही निराळी गोष्ट आहे. ते प्रदर्शनातील वस्तू, व्यावसायिक नमुने, उपकरणे यांच्यासाठी असते. नावातल्या साम्यामुळे चुकीचा अर्ज भरला जाऊ शकतो, एवढे लक्षात ठेवावे.

६. कार्नेटसाठी अनामत किती द्यावी लागते आणि ती परत केव्हा मिळते?

क्लब दोन गोष्टी पाहतो: गाडीची आजची किंमत, आणि तुम्ही नोंदवलेल्या देशांपैकी ज्या देशाचे आयात शुल्क सर्वांत जास्त आहे त्याचा दर. काही देशांत हे शुल्क गाडीच्या किमतीहूनही जास्त असल्याने अनामत गाडीपेक्षा मोठी होऊ शकते. मार्गातला एकच देश वगळला की रक्कम निम्म्यावर येते, असेही घडते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी मार्ग पक्का करावा, नंतर नव्हे. अनामत रोख, बँक हमी किंवा विमा कंपनीचे हमीपत्र अशा स्वरूपात देता येते. कोणते चालेल ते त्या त्या क्लबवर अवलंबून असते. सर्व शिक्क्यांसह पूर्ण झालेले कार्नेट परत केल्यावर क्लब ते तपासतो आणि मगच अनामत मोकळी करतो. क्लबचे सेवाशुल्क वेगळे असते आणि ते परत मिळत नाही.

७. कार्नेटचे पान सीमेवर नेमके कसे भरले जाते?

हे उत्तर सावकाश वाचावे, कारण अनामत अडकते ती बहुधा इथेच. कार्नेट ५, १० किंवा २५ पानांचे असते आणि प्रत्येक पानाचे तीन आडवे भाग असतात. देशात शिरताना अधिकारी सर्वांत खालच्या भागावर शिक्का मारतो आणि तो फाडून घेतो. देशाबाहेर पडताना मधला भाग शिक्का मारून फाडला जातो. सर्वांत वरचा भाग वहीतच राहतो आणि त्यावर प्रवेशाची व निर्गमनाची अशा दोन्ही नोंदी व्हाव्या लागतात. शेवटी तुमच्या हातात उरतात त्या या वरच्या पट्ट्या, आणि क्लबसाठी पुरावा असतो तो त्यांचाच.

खिडकीवरून वही हातात आली की तिथेच उभे राहून चार गोष्टी पाहाव्यात: शिक्का योग्य चौकटीत आहे का, तारीख वाचता येते का, सही आहे का, आणि जो भाग फाडायचा होता तोच फाडला आहे का. ज्या चौकीवर कार्नेट क्वचितच येते, तिथे कधी कधी अधिकाऱ्यालाच वही अनोळखी असते आणि तो प्रवेशाच्या वेळीच मधला भागही फाडायला घेतो. अशा वेळी आधीच्या देशाचे नीट भरलेले पान उघडून समोर ठेवावे. शब्दांनी समजावण्यापेक्षा हा उपाय लवकर लागू पडतो, भाषा वेगळी असेल तेव्हा तर नक्कीच.

प्रत्येक प्रवेशाला एक पान लागते. त्याच देशातून परतीचा प्रवास असेल, तर त्याच्यासाठी दुसरे पान धरावे.

८. कार्नेट लागत नाही अशा देशात गाडीचे काय?

तिथे सीमेवरच तात्पुरता आयात परवाना मिळतो, किंवा काही ठिकाणी गाडी सीमा ओलांडते तेच तोंडी घोषणेसारखे मानले जाते. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या आणि संघाबाहेर नोंदलेली खाजगी गाडी घेऊन येणाऱ्या माणसाला साधारणपणे सहा महिने सवलत मिळते आणि त्यासाठी सहसा लेखी अर्ज करावा लागत नाही. मेक्सिकोत सीमेलगतच्या मुक्त पट्ट्याच्या पुढे जायचे असेल, तर परवाना काढून अनामत ठेवावी लागते आणि ती परत मिळण्यासाठी बाहेर पडताना परवाना रद्द करून घ्यावा लागतो. परवाना एका पानाचा साधा कागद असला, तरी त्यामागची जबाबदारी कार्नेटइतकीच मोठी आहे. व्हिसाची मुदत आणि गाडीच्या परवान्याची मुदत वेगवेगळ्या असू शकतात. जी आधी संपेल ती तारीख आपली धरावी.

९. परवान्यावर चेसिस क्रमांकात एक अक्षर चुकले आहे. एवढ्याने काही बिघडते का?

बिघडते, आणि ते प्रवेशाच्या वेळी लक्षात येत नाही, बाहेर पडताना येते. १९८१ पासूनच्या गाड्यांचा ओळख क्रमांक सहसा १७ चिन्हांचा असतो आणि त्यात रोमन लिपीतील आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांशी गोंधळतात. म्हणून क्रमांकात गोल चिन्ह दिसले तर ते शून्यच असते. माझ्या एका परवान्यावर टंकलेखकाने त्या शून्याच्या जागी ओ हे अक्षर टाकले होते. कागदावर दोन्ही गोल सारखेच दिसतात, त्यामुळे मी घडी घालून तो खिशात ठेवला. अकरा दिवसांनी बाहेर पडण्याच्या चौकीवर संगणकात ती गाडी सापडेना. त्या दिवशी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मी बॉनेट उघडून, पट्टीवरच्या क्रमांकावर बोट ठेवून, एकेका अधिकाऱ्याला तो वाचून दाखवत होतो.

तेव्हापासून मी कागद हातात आला की खिडकी सोडण्याआधी नोंदणी प्रमाणपत्र शेजारी धरतो आणि १७ ही चिन्हे एकेक करून ताडून पाहतो. इंजिन क्रमांक, नोंदणी क्रमांक, रंग आणि पासपोर्टवरील नावाचे स्पेलिंग हेही तसेच पाहावे. चूक सापडली तर तिथेच दुरुस्त करून घ्यावी आणि दुरुस्तीजवळ शिक्का व सही मागावी. आपण स्वतः पेनाने खाडाखोड कधीही करू नये.

१०. माझा देशातला विमा परदेशात चालतो का?

सहसा चालत नाही, आणि चालत असेल तर त्याचा लेखी पुरावा लागतो. युरोपात आणि त्याच्या शेजारच्या काही देशांत ग्रीन कार्डाची पद्धत आहे. तिची सुरुवात १९५३ मध्ये झाली आणि तुर्कस्तान व मोरोक्कोही तिच्यात आहेत. हे कार्ड तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा असल्याचे दाखवते. तुमच्या स्वतःच्या गाडीचे नुकसान त्यात येईलच असे नाही. कार्डावर देशांच्या संकेताक्षरांच्या चौकटी असतात आणि ज्या चौकटीवर काट मारलेली असेल त्या देशात ते लागू नसते. जुलै २०२० पासून ते पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षरांत छापलेलेही वैध आहे, त्यामुळे ‘हिरवे नाही’ म्हणून कोणी हरकत घेतली तर गांगरू नये. पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील बऱ्याच देशांत यलो कार्ड, पश्चिम आफ्रिकेत ब्राउन कार्ड आणि अरब देशांत ऑरेंज कार्ड अशा समांतर व्यवस्था आहेत. यांपैकी काहीच लागू नसेल, तर सीमेवर किंवा सीमेजवळच्या गावात त्या देशाचा विमा घ्यावा लागतो. विम्याशिवाय एक किलोमीटरही गाडी चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

११. गाडी वडिलांच्या नावावर आहे. मी ती नेऊ शकतो का?

नेऊ शकता, मात्र मालकाचे मुखत्यारपत्र हवे. त्यात मालकाचे आणि चालकाचे पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, गाडीचे सर्व क्रमांक, देशांची नावे, मुदत, आणि ‘सीमा ओलांडण्याचा व सीमाशुल्काची कागदपत्रे करण्याचा अधिकार’ हे शब्द स्पष्ट असावेत. नुसते ‘गाडी चालवण्यास परवानगी’ एवढे लिहिलेले पत्र पुष्कळदा परत येते. पत्र नोटरीसमोर करून, दोन्ही देश ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारात असतील तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात मान्य होणारा शासकीय दाखला, घ्यावे. नसतील तर त्या देशाच्या दूतावासाकडून साक्षांकन करून घ्यावे. कंपनीच्या नावावरील गाडीसाठी असेच पत्र कंपनीच्या शिक्क्यासह लागते. कार्नेट काढायचे असेल, तर त्यावर कोणाचे नाव धारक म्हणून घालायचे हे क्लबला अर्जाआधीच विचारावे.

सोबतच्या मित्राने चालवली तर चालते का, हाही प्रश्न येतो. धारकाने अधिकार दिलेला दुसरा परदेशी प्रवासी सहसा चालवू शकतो. तिथल्या रहिवाशाच्या हाती मात्र चाक देऊ नये; शुल्कमाफीची अटच त्यामुळे मोडू शकते.

१२. गाडीवर कर्ज आहे.

वित्तसंस्थेचा ना-हरकत दाखला घ्यावा आणि त्यात देश व मुदत नमूद करून घ्यावी. बाकी सर्व प्रश्न ११ प्रमाणे.

१३. गाडीवर देशाचे चिन्ह लावणे खरोखर सक्तीचे आहे का?

दोन्ही करारांनुसार आहे. पांढऱ्या लंबगोलावर काळी रोमन अक्षरे असतात. अक्षरांची उंची किमान ८० मिलिमीटर लागते आणि चिन्ह गाडीच्या मागच्या बाजूला लावायचे असते. चिन्हे बदलतातही: ब्रिटनने २८ सप्टेंबर २०२१ पासून जीबीऐवजी यूके स्वीकारले आणि जुनी पट्टी घेऊन निघालेल्यांना ती बदलावी लागली. नंबरपट्टीवरची अक्षरे रोमन लिपीत नसतील, तर रोमन अक्षरांतली पट्टीही लावावी.

१४. काही देश मिळून एकच सीमाशुल्क क्षेत्र असते म्हणे. मग शिक्के कुठे घ्यायचे?

दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वाना, लेसोथो आणि एस्वातिनी हे पाच देश एका सीमाशुल्क संघात आहेत, म्हणून कार्नेटवर प्रवेशाचा शिक्का पहिल्या देशात आणि निर्गमनाचा शेवटच्या देशात घेतला जातो. मधल्या सीमांवर गाडीचे पान भरले जात नाही. रशिया, कझाकस्तान, बेलारूस, आर्मेनिया आणि किर्गिझस्तान यांचेही असेच एक क्षेत्र आहे. तिथे पहिल्या सीमेवर मिळालेला कागद संघाबाहेर पडेपर्यंत जपावा लागतो. पासपोर्टची तपासणी मात्र प्रत्येक देशाची स्वतंत्र असू शकते.

याच्या उलटही घडते. ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चार देशांत माणसाच्या मुक्कामाचे दिवस एकत्र मोजले जातात, पण गाडीचा परवाना मात्र प्रत्येक देशात नवा काढावा लागतो.

१५. मधला टप्पा गाडी जहाजाने पाठवली तर कागदांत काय बदलते?

पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये रस्ताच नाही, त्यामुळे दोन्ही अमेरिका खंड गाडीने पार करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येते. अशा वेळी मुख्य कागद म्हणजे जहाज कंपनीची भरणपावती. तिच्यावरील नाव पासपोर्टप्रमाणे आणि गाडीचा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राप्रमाणे अक्षरशः तंतोतंत असावा, कारण पलीकडच्या बंदरात गाडी सुटते ती त्या कागदावर. गाडी बंदरात सोपवताना निर्गमनाची नोंद झाली का, हे विचारून घ्यावे. गाडी कंटेनरमध्ये गेली आणि तुम्ही विमानाने निघालात, तर नंतर तो शिक्का मिळवायला कोणी तिथे नसते.

१६. गाडी तिथेच ठेवून काही दिवस विमानाने घरी जाऊन आलो तर?

कित्येक देशांत गाडीची नोंद प्रवाशाच्या पासपोर्टवर किंवा त्याच्या नावासमोर संगणकात होते आणि गाडीशिवाय बाहेर पडायला गेल्यास विमानतळावर अडवले जाते. अशा ठिकाणी आधी सीमाशुल्क कार्यालयात जाऊन लेखी परवानगी घ्यावी, किंवा गाडी त्यांच्या देखरेखीखालील गोदामात ठेवून पावती घ्यावी. परवान्याची मुदत त्या काळात थांबते असे स्वतःहून गृहीत धरू नये. थांबणार असेल तर ते पावतीवर लिहून घ्यावे.

१७. बाहेर पडताना निर्गमनाचा शिक्का घ्यायचा राहून गेला. आता काय करावे?

लगेच लक्षात आले तर कितीही दूर आला असलात तरी मागे फिरावे. दोन तासांचा फेरा पुढच्या दोन महिन्यांच्या पत्रव्यवहारापेक्षा केव्हाही बरा. मागे जाणे शक्यच नसेल, तर गाडी आता त्या देशाबाहेर आहे हे सिद्ध करावे लागते. पुढच्या देशाचा प्रवेशाचा शिक्का हा पहिला पुरावा. त्याशिवाय सीमाशुल्क कार्यालय किंवा वकिलात प्रत्यक्ष गाडी पाहून, चेसिस क्रमांक तपासून ‘ही गाडी या तारखेला इथे होती’ असा स्थानदाखला देऊ शकते. नमुना कोणता चालेल ते कार्नेट देणाऱ्या क्लबकडून आधी विचारून घ्यावे आणि गाडी घरी पोहोचण्याची वाट न पाहता क्लबला कळवावे. हमी देणाऱ्या संस्थेकडे मागणी नोंदवण्यासाठी सीमाशुल्क खात्याला कार्नेटची मुदत संपल्यापासून एक वर्ष मिळते. म्हणून इंधनाच्या आणि टोलच्या तारीखवार पावत्याही तोपर्यंत फेकू नयेत.

१८. परदेशात गाडी चोरीला गेली, किंवा अपघातात निकामी झाली, तरी शुल्क भरावे लागते का?

चोरीच्या बाबतीत धोका खरा आहे: गाडी देशाबाहेर गेली नाही, म्हणून शुल्काची मागणी येऊ शकते. त्याच दिवशी पोलीस तक्रार करून तिची शिक्क्याची प्रत घ्यावी आणि सीमाशुल्क कार्यालय व क्लब या दोघांनाही लेखी कळवावे. अपघातात निकामी झालेल्या गाडीसाठी करारांत तीन मार्ग दिले आहेत: शुल्क भरून ती तिथेच ठेवणे, कोणताही खर्च न लावता ती त्या देशाच्या सरकारच्या स्वाधीन करणे, किंवा अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आपल्या खर्चाने ती नष्ट करणे. तिन्हींत कार्नेटवर तशी नोंद व्हावी लागते. भंगारवाल्याला परस्पर विकून मोकळे होणे हा मार्ग नाही. कायद्याने ती विनाशुल्क विक्री ठरते.

१९. मी एका देशाचा नागरिक आहे, राहतो दुसऱ्या देशात आणि गाडी तिसऱ्या देशात नोंदलेली आहे. कोणाचे नियम लागू?

इथे नागरिकत्वापेक्षा नेहमीचे वास्तव्य महत्त्वाचे असते. तात्पुरत्या आयातीची सवलत त्या देशाबाहेर राहणाऱ्यांसाठी असते. त्यामुळे युरोपीय संघात राहणारा माणूस संघाबाहेर नोंदलेली गाडी घेऊन संघात आला, तर काही मोजके अपवाद सोडता त्याला प्रश्न ८ मधील सहा महिन्यांची सवलत मिळत नाही, मग त्याचा पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो. वास्तव्याचा दाखला बरोबर ठेवावा आणि निघण्यापूर्वी ज्या देशात जायचे त्याच्या सीमाशुल्क खात्याकडून लेखी उत्तर घ्यावे.

२०. सगळे कागद पूर्ण असूनही गाडी नेता येत नाही, असे देश आहेत का?

चीनचा मुख्य भूभाग हे ठळक उदाहरण आहे. तिथे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मान्य नाही. तात्पुरता चिनी परवाना आणि तात्पुरती नंबरपट्टी घ्यावी लागते, आणि ही सर्व व्यवस्था आधीपासून स्थानिक प्रवासी संस्थेमार्फत, ठरलेल्या मार्गासह करावी लागते. सीमेवर पोहोचून अर्ज देता येत नाही. मार्गात असा देश असेल, तर बाकीच्या सर्व तारखा त्याच्या परवानगीच्या तारखेभोवती आखाव्यात आणि ती परवानगी हाती पडल्यावरच कार्नेटचा अर्ज भरावा, म्हणजे वहीच्या वर्षभराच्या मुदतीतले दिवस वाट पाहण्यात जाणार नाहीत.